चौथा प्रश्न

तीन फुटाणे संपले की नलूचं तोंड बंद व्हायचं.

"पुन्हा," बाई म्हणाल्या. "तुझं नाव?"

"नलू."

फुटाणा.

"गाव?"

"हिंगणी."

फुटाणा.

"बाबांचं नाव?"

"बबनराव."

फुटाणा.

"आईचं नाव?"

नलू पाटीच्या चौकटीवरून बोट फिरवत राहिली.

वहीतली नोंद:

सोमवार. बसली नऊ मिनिटं. किंचाळली दोनदा. चौथा प्रश्न: नाही.

मंगळवार. बसली अकरा मिनिटं. चावली एकदा. चौथा प्रश्न: नाही.

बुधवार. नाही. नाही. नाही.

बुधवारचं पान फाटलं. बाईंनी पेनच इतकं दाबलं होतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ऑटिझम लिहिलं होतं. हेडमास्तर रूपराव त्याला हट्ट म्हणत. बाई पंधरा दिवस नागपूरला राहून शिकवायची रीत शिकून आल्या होत्या. एका वेळी एकच पायरी. जमलं की लगेच खाऊ. किंचाळली तर लक्ष द्यायचं नाही. आणि ज्या जागेचा जो नियम, तो कधी मोडायचा नाही. शाळेतलं शाळेत, घरचं घरी. एवढा एक नियम मात्र नलूनं आठवडाभरात उचलला. घरी पाटी दिसली तर ती उचलून दाराबाहेर ठेवायची.

शुक्रवारी विस्तार अधिकारी येणार होते. नलू वर्गात राहणार की नाही, ते तेच ठरवणार होते.

"एवढी मोठी पोरगी, अन् मायचं नाव नाई सांगत?" गुरुवारी रूपराव वैतागले.

"तीन तं सांगते ना, गुरुजी."

"सायब नेमकं चौथंच इचारन. चाळीस लेकरं हायत वर्गात, बाई. एकीच्याच मांगं किती दिवस फिरान? बाप काय म्हणते तिचा?"

"म्हणते, वांगे तोडाले नेतो."

"मंग नेऊ द्या ना!"

बाईंनी मनगटावरचे दातांचे वण पदराखाली घेतले. "गुरुजी, सायबाले तेवढं सांगू नका."

"नाई सांगत. पण पोरगी बोलली नाई, तं नाव कमी करीन. मंग मले बोल नका लावजा."

शुक्रवारी साहेब आले, खुर्चीत बसले, घड्याळ पाहिलं. नाव, गाव, बाबा. तीन फुटाणे गेले.

"आणि आईचं नाव?"

नलूनं मान खिडकीकडे वळवली. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. रूपरावांनी हजेरीपट काखेतून काढला. बाईंच्या मुठीतले फुटाणे घामानं ओले झाले. साठ दिवस, एकच शब्द, आणि ही कार्टी खिडकीकडे बघते आहे!

"जयवंता."

बाईंची मूठ सुटली. फुटाणे जमिनीवर सांडले, पोरं त्यांवर तुटून पडली, रूपराव ओरडले. साहेब हसले.

"शाब्बास! आणि कुठं आहे तुझी आई?"

हा प्रश्न शिकवलेलाच नव्हता. नलूनं बाईंकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग साहेबांना म्हणाली, "घरी."

"वा! राहू द्या हो हिला वर्गात." साहेबांनी एक कागद बाईंपुढे सरकवला. "फक्त आईची संमती लागेल. घरी पाठवून सही घ्या."

बाईंनी पेन उघडलं आणि तिथंच, उभ्या उभ्या सही केली: जयवंता बबनराव भोयर.