दोन वाडगे

आर्डिसनं काचेचं भांडं पालथं घातलं आणि बुडाशी चिकटवलेली आपल्या नावाची पट्टी नखानं खरवडून काढली. डिंकाचा पांढरा डाग राहिला. तोही तिनं गरम पाण्यानं घासून काढला.

मिनेसोटातल्या त्या गावात कोणाकडे माणूस गेलं की दर घरातून एक भांडं चर्चमध्ये जातं. तळाशी खिमा आणि घेवडा, त्यावर डब्यातलं मश्रूमचं घट्ट सूप, त्यावर बटाट्याच्या गोळ्यांची रांग, आणि सगळं भट्टीत खरपूस. रडणाऱ्याला काय बोलावं ते कोणालाच सुचत नाही, म्हणून हे न्यायचं. बुडाशी नाव असतं, म्हणजे रिकामं भांडं आपापल्या घरी परत येतं. आर्डिसला आज आपलं भांडं परत नको होतं.

सकाळीच व्हर्नाचा फोन आला होता. चर्चचं स्वयंपाकघर तीस वर्षं तिच्याच ताब्यात.

"आर्डिस, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तू आज येऊ नकोस. मार्लिसनं तुझं तोंड बघावं तरी कसं?"

"खरंय," आर्डिस म्हणाली.

मार्च महिना. तळ्यावरचा बर्फ वरून टणक दिसत होता, आतून कुजला होता. आर्डिसच्या मुलानं, टॉडनं, पैजेवर गाडी त्यावर घातली. शेजारी मार्लिसचा मुलगा कर्ट बसलेला. टॉड पोहत काठाला आला. कर्ट आला नाही.

क्षमा मागणारा माणूस पुढच्या दारानं येत नाही. आर्डिस चर्चच्या मागच्या जिन्यानं तळघरात उतरली. टेबलावर अठरा भांडी वाफाळत होती. तिनं आपलं एकोणिसावं त्यांच्यामध्ये सरकवलं. वर पाद्री बोलता बोलता थांबले आणि सगळ्यांनी भजन उचललं. खालचा सूर या चर्चमध्ये आजवर तीच धरायची. आताही छताकडे बघत तिनं तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज फुटला नाही. ती तशीच निघून आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी घंटा वाजली. दारात मार्लिस. हातात धुतलेलं भांडं.

"व्हर्ना गावभर विचारत सुटलीय, हे बेवारशी भांडं कोणाचं," मार्लिस म्हणाली. "मी म्हटलं, आण इकडे. अगं, मश्रूमच्या सूपमध्ये सेलरीच्या सूपचा डबा मिसळणारी या गावात एकच बाई आहे. नाव खरवडलंस, पण हाताची चव कुठे खरवडणार?"

"मार्लिस, मला..."

"बोलू नकोस. तू बोललीस तर माझ्यानं उभं राहवणार नाही." तिनं भांडं आर्डिसच्या हातात दिलं. "टॉड कुठाय?"

या प्रश्नाची ती आठवडाभर वाट बघत होती.

"वर आहे. तेव्हापासून दार लावून बसलाय. पाणी तेवढं घेतो. काल डॉक्टर येऊन गेले, त्यांनाही आत घेतलं नाही. मी हरले गं."

मार्लिसनं बूट काढले नाहीत. तशीच ओल्या बुटांनी ती चुलीपाशी गेली. कोटाच्या खिशातून टोमॅटो सूपचा डबा काढला, फोडला, पातेल्यात उपडा केला. मग त्याच डब्यात काठोकाठ दूध भरून तेही ओतलं.

"थांब, मी करते," आर्डिस म्हणाली.

"तुझ्या हातचं खातोय का तो? मग सर बाजूला."

ती ढवळत राहिली. मिरपुडीची चिमूट टाकली, दोन वाडगे भरले. खारी बिस्किटं मुठीत चुरडून वर भुरभुरली. मग ट्रे उचलला आणि जिना चढू लागली.

आर्डिस खालीच थांबली. कठडा घट्ट धरून ठेवला तिनं. मार्लिसला अडवावं असं वाटलं, पण कोणत्या तोंडानं अडवणार? आता ती विचारील, का घातलीस रे गाडी त्या बर्फावर? विचारायचा हक्कच होता तिचा. आणि त्या एका प्रश्नानं आपलं वाचलेलं पोरही हातचं जाईल, हे आर्डिसला दिसत होतं. देवा, तिनं मनात म्हटलं, तिच्या जिभेवर बस.

मार्लिस बंद दारासमोर जमिनीवरच बसली. कोटासकट. ट्रे मांडीवर घेतला.

"टॉड, मी आहे. कर्टची आई."

आत खाट करकरली.

"स्केटिंग करून तुम्ही दोघं नाकं गळत यायचात ना माझ्याकडे, तेव्हा करायचे तसंच सूप केलंय. बिस्किटं वरून."

दाराआडून हुंदका आला. गुदमरलेला, उशीत दाबलेला.

"मी ओरडायला नाही आले रे," मार्लिस म्हणाली. तिचा आवाज आता पार खाली गेला होता. "कालही केलं, परवाही केलं. हात ऐकत नाहीत. एका डब्याचे दोन वाडगे होतात, पोरा, आणि मला एकटीला ते संपत नाहीत."