ज्योतीरामच्या गोळ्या

"त्याला काढला," सुभद्राबाई म्हणाल्या. "कालच. काविळीचा माणूस घरात ठिवू व्हय, लगीन तोंडावर आलंया?"

दवाखान्यातली नर्स निवेदिता अंगणाच्या फाटकातच थांबली. आत मांडव घातलेला, पातेल्यात हळद कालवलेली. सुभद्राबाईंच्या धाकट्या मुलाचं, जयदीपचं लग्न उद्यावर. आणि तिच्या पिशवीत ज्योतीरामच्या गोळ्या, सरकारी दवाखान्यातून फुकट मिळणाऱ्या.

"ही कावीळ रक्तातून लागते, मावशी. शेजारी राहून, एका ताटात जेवून नाही लागत."

"तुमचं शिक्षण तुमच्यापाशी."

निवेदिता मागच्या खोल्यांकडे गेली. चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर जाणारी माणसं तिथं भाड्यानं राहायची. ज्योतीरामच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. छताच्या कडीला झोळीची दोरी तशीच लोंबत होती. म्हणजे ओली बाळंतीण, मांडीवरचं लेकरू, सगळ्यांनाच बाहेर काढलं होतं.

"ठेकेदाराच्या कानावर बी यांनीच घातलं," शेजारीण हळूच म्हणाली. "त्याचा गेटपास काढून घेतला. फोन पण बंद हाय त्याचा."



गेल्या महिन्यात गावच्या देवळापाशी निवेदितानं मजुरांसाठी रक्ततपासणीचं शिबिर लावलं होतं. दिवसभर कुणी फिरकेना. खाडा झाला की रोज बुडतो. सामान आवरताना एक जण आला, तोंडाला रुमाल बांधून. "ज्योतीराम. सुभद्राबाईंच्या खोल्या," एवढंच बोलला. फोन नंबर विचारला तर हरवलाय म्हणाला. बाही वर सारली तेव्हा दंडावर गोंदलेला वाघ दिसला. वाघाला एकच कान.

"दुसरा कुठं गेला?" तिनं विचारलं होतं.

"सुई लई टोचाया लागली. उठलो अर्ध्यावर."

दोघंही हसले होते. ओझी उचलून उचलून दंड दगडासारखा झालेला. नस शोधावीच लागली नाही.

रिपोर्ट आला तेव्हा ती खोलीवर येऊन गेली. ज्योतीराम शिफ्टला होता. "त्याला दवाखान्यात यायला सांगा," एवढाच निरोप तिनं सुभद्राबाईंकडे ठेवला होता. रोगाचं नाव काढलं नव्हतं.

ती तरातरा मांडवात परतली.

"बारा आठवडे गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो, मावशी. नाही घेतल्या तर लिव्हर आतल्या आत जातं, आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याचं काम घालवलंत, छप्पर घालवलंत. आता जीवही घालवा."

सुभद्राबाईंचा पातेल्यातला हात थांबला. "बरा व्हतो? खात्रीनं?"

"शंभरातले पंच्याण्णव तरी."

"आन् त्याच्या बायकूला?"

"सहसा नाही लागत. वस्तरा, ब्रश वेगळा ठेवायचा. तिचंही रक्त तपासायचं. पण ती लेकरू घेऊन कुठं बसलीय, ते कोण सांगणार मला? तुम्ही?"

सुभद्राबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. आवाज खाली आणला.

"गोळ्या ठिवून जा बाई. मी देते पोचवून."

"काल ज्याला रस्त्यावर काढलंत, त्याला?"

"देते म्हंते ना. पदर पसरते तुमच्यापुढं."

"पदर काल पसरायचा होता, त्या बाळंतिणीच्या लेकराखाली." निवेदितानं पिशवी छातीशी घट्ट धरली. "ज्याचं रक्त मी घेतलंय, त्याच्या हातातच या गोळ्या जातील. शोधून काढीन मी त्याला."

सुभद्राबाई काही बोलायच्या आत बायकांचा गलका झाला. जयदीपला पाटावर आणून बसवलं होतं. एवढ्या उकाड्यातही अंगात पुऱ्या बाह्यांचा सदरा, गुंड्या गळ्यापर्यंत.

"सदरा काढा की, भावजी," त्याची वहिनी मोनिका म्हणाली. "हळद काय कापडाला लावायची? एवढं जिममधी जाऊन कमावलेलं अंग, ते काय नुसतं नीलिमालाच दावायचं?"

"ऱ्हाऊ द्या, वैनी. तोंडालाच लावा."

"नवरी पण एवढी लाजत न्हाई," कुणीतरी म्हणालं. दोघींनी हात धरले, मोनिकानं हसत सदरा ओढून काढला.

सुभद्राबाई पदर पुढं करून त्याला झाकायला धावल्या.

मोनिकानं हळदीचा पहिला हात त्याच्या दंडावरून फिरवला. पिवळ्याधमक ओल्या कातडीवर एका कानाचा वाघ उठून दिसला.