आधी करून बघायचं

"पुसून टाका ते पान. आत्ता, माझ्यासमोर," असं म्हणून साहेब कात्रणताईंच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

गॅस गीझर बनवणाऱ्या त्या कंपनीत ताईंचं काम माहितीपत्रकं लिहायचं. वेबवर कामाचं काही दिसलं की त्या नुसती लिंक ठेवत नसत. अख्खं पान, तारखेसकट, नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये साठवत. म्हणून तर हे नाव पडलं. "लिंकचा काय भरवसा? आज आहे, उद्या गायब," असं त्या म्हणायच्या आणि ऑफिस खो खो हसायचं. साहेबांचं मात्र या सॉफ्टवेअरशी वाकडंच. मागे एकदा एक नवी सोय बघायला म्हणून त्यांनी भलतंच बटण दाबलं आणि सगळ्यांच्या नोंदींचा पार बट्ट्याबोळ केला. खापर अर्थात इतरांवर फुटलं. वर साहेबांनीच नियम काढला: थेट खऱ्या नोंदींना हात लावायचा नाही, शेजारी सगळ्या नोंदींची एक नमुना प्रत ठेवायची, काहीही आधी तिच्यात करून बघायचं.

आता कोणी हसत नव्हतं. कंपनीचा गीझर बंद बाथरूममध्ये लावलेला होता आणि एक बाई गुदमरून गेली होती. बसवणारा मिस्त्री कळवळून सांगत होता, "कंपनीच्या साइटवरच होतं हो, बंद बाथरूममध्येही चालतो म्हणून!" साइटवर आज होतं, 'बंद जागेत कदापि लावू नये.' खप वाढावा म्हणून साहेबांनीच घुसडलेलं जुनं वाक्य रातोरात नाहीसं झालं होतं. उरलं होतं ते फक्त ताईंच्या नोंदींत.

"अहो, पण तो बिचारा मिस्त्री तुरुंगात जाईल."

"जाऊ दे. तुम्हाला नोकरी हवी आहे ना?"

ताईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण त्या पडद्याकडे वळल्या. पान शोधलं, निवडलं, पुसलं. वर कचरापेटीही रिकामी करून दाखवली.

"शहाण्या आहात," साहेब म्हणाले आणि शीळ घालत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकारी बाई कंपनीत आल्या. मिस्त्री खाली मान घालून बसला होता, शेजारी त्याची बायको. तिने त्याची बाही मुठीत घट्ट धरली होती.

"असं पान कधी नव्हतंच. आपली चूक झाकायला हा थापा मारतोय," साहेबांनी छातीठोकपणे सांगितलं.

ताई उठल्या. कोणी बोलावलं नव्हतं, तरी उठल्या, आणि आपला लॅपटॉप त्यांनी सरळ अधिकारी बाईंपुढे नेऊन ठेवला. पडद्यावर जुनं पान. वर तारीख, मधोमध ते वाक्य. मिस्त्रीने इतक्या वेळात पहिल्यांदा मान वर केली.

साहेब ताडकन उभे राहिले. "हे कुठून आलं? काल माझ्यासमोर पुसलंत ना तुम्ही!"

बोलून गेले आणि मग त्यांना कळलं, आपण काय बोललो. अधिकारी बाईंनी पेन उचललं.

"पुसलं ना साहेब. नमुना प्रतीत. तुमचाच नियम, आधी तिथे करून बघायचं." ताईंनी त्यांच्या नजरेला नजर भिडवली. "करून बघितलं. नाही पटलं."