बकरीचं काय झालं?

वाघाने बकरी खाल्ली नव्हती. बकरी पळालीही नव्हती. शेवटच्या पानावर वाघ चक्क पाळण्याची दोरी ओढत होता आणि पाळण्यात बकरीची पिल्लं ढाराढूर झोपली होती!

दारव्ह्याच्या बाजारात, जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी, गुणवंतराव मटकन खाली बसले. लहानपणी हेच पुस्तक त्यांच्या घरी होतं. तोच पिवळाधमक वाघ, तीच गळ्यात घुंगरू बांधलेली बकरी. फक्त शेवटचं पान नव्हतं. आईने त्यात शेजारणीला तिखट बांधून दिलं होतं. तेव्हापासून बहीणभावाचं जे भांडण जुंपलं, ते साठी उलटली तरी सुरूच. दर भाऊबीजेला ओवाळून झालं, की बेबीताई सुरू व्हायच्या, "वाघानं बकरी खाल्लीच. थो काय भजन करायले आलता?"

"पळाली! पाय कसे हायेत तिचे, पाह्य ना!" गुणवंतराव ओरडायचे.

मग आवाज असे चढायचे, की शेजारपाजारचे डोकावून जायचे. घरच्यांनी तर कधीच हात टेकले होते.

आज भाऊबीजच. पुस्तक घेऊन गुणवंतराव यवतमाळच्या जीपमध्ये बसले. ताईची कशी जिरली, म्हणून आधी गालातल्या गालात हसले. मग लक्षात आलं, आपलीही जिरलीच की. आणि मग मात्र काळजात धस्स झालं. हे भांडण मिटलं, तर ताईशी बोलायचं काय? सोयाबीनचा भाव आणि ताईचे गुडघे, चहा निवायच्या आत दोन्ही विषय संपतील. त्यांना एकदम फार एकटं वाटलं.

ताईच्या फाटकापाशी त्यांनी चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं. शेवटचं पान टरकन फाडलं आणि खिशात कोंबलं.

"ताई, आपलं पुस्तक भेटलं!" घरात शिरताच ते म्हणाले. "पण नशीब पाह्य, याचंबी शेवटचं पान नाही."

बेबीताईंनी पुस्तक हातात घेतलं. ताज्या फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. भावाच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं. गुणवंतरावांनी पटकन खिशावर हात ठेवला.

ताई गुडघे धरत उठल्या. कपाट उघडलं, साड्यांच्या खालून एक पुस्तक ओढून काढलं आणि भावापुढे ठेवलं. तोच वाघ, तीच बकरी.

"मले मागच्याच साली भेटलं," त्या खाली बघत म्हणाल्या.

त्याचं शेवटचं पान कात्रीने अगदी सरळ कापलेलं होतं.