सैल हात

“सैल सोड गं हात,” बांगडी चढवता चढवता रशीदाबी मणेर म्हणाली. गुरवाच्या शेवंताने मूठ उलगडली, पण हात काही सैल होईना. मागच्या दाराने आलेली बाई, घाबरलेलीच असणार.

“चाची, उद्या माझं मत तुलाच हाय. पण गावाला मुसलमान सरपंच नाही चालायची बघ.”

सकाळपासून आलेली प्रत्येक बाई हेच कुजबुजून गेली होती. गाव म्हणजे नेमकं कोण, ते मात्र कुणाच्याच घरात सापडत नव्हतं. परवा दुकानाच्या कपाटाची काच फोडून गेलं, तेवढंच गाव रशीदाबीला ठाऊक. पडले तर बांगड्या भरत बसेन. पण निवडून आले तर? जेवताना नवरासुद्धा म्हणाला, “माझं काय, मी देईनच. पण गाव...” घास तिच्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी मतदानाच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, स्वतःच्या नावासमोर तिचं बोट अडलं. गावातल्या साऱ्याजणींचे हात दाबून पाहिलेल्या बाईला स्वतःचा हात लाकडासारखा लागला. शेजारचं बटण दाबलं तर कुणाला कळणार होतं? काच तरी शाबूत राहील. म्हणजे गाव इथंही येऊन उभं राहिलं होतं, तिच्याच चपलांत.

“सैल सोड गं,” ती स्वतःशीच पुटपुटली आणि तिने आपलंच बटण दाबलं. यंत्र इतकं लांबलचक वाजलं, की ती दचकली. साऱ्या गावाला ऐकू गेलं असेल.