आवाजाच्या आधी

भारतातून कुणीही आलं की बाबा फ्रिस्कोच्या घरून गाडीत घालून जवळच्या डॅलसला न्यायचे, केनेडींना गोळी घातली त्या चौकात. आज आत्याची पाळी होती. बाबांनी खिशातून तसल्याच रायफलचं जुनं काडतूस काढलं. "ताई, आधी गोळी लागते, आवाज मागून येतो. आवाजाच्या दुप्पट वेग!" रेवाचं डोकं सटकलं. "साठ वर्षांपूर्वीचं काय सांगतोस, बाबा? निमिषचं सांग ना!" शाळेतल्या गोळीबारात धाकटा भाऊ गेल्यापासून तिने शाळाच सोडली होती. बाबा शांतपणे म्हणाले, "ती गोळी आवाजाच्या तिप्पट वेगाची. गणित केलंय मी. त्याला काही ऐकूच आलं नसेल." रेवाच्या ओठांवर आलं: पहिली गोळी भिंतीत घुसली, तो आवाज ऐकूनच निमिष 'रेवा, खाली!' ओरडत माझ्यावर पडला. पण बाबा काडतूस बोटांत फिरवत पुन्हा तेच गणित पुटपुटत होते. "हो बाबा," ती म्हणाली. "नसेलच ऐकू आलं."