शांत हात

"तुमच्या मैनाला या महिन्याचं 'शांत हात' प्रशस्तिपत्र मिळालंय," शाळेच्या उपचारकक्षातल्या पेठे मॅडम म्हणाल्या. "पट्टे बसवल्यापासून हात फडफडवणं नाही, डोलणं नाही. आई जाऊनसुद्धा!"

आठ वर्षांची मैना खुर्चीत निश्चल बसली होती. दोन्ही मनगटांवर निळे पट्टे. हात हलवावेसे वाटले, डोलावंसं वाटलं, की पट्टे ती उबळ नसांमध्येच दाबून टाकायचे. तिची आई सुलभा दवाखान्यात असताना तिच्या बापानं, दिगंबरनंच त्यासाठी सही केली होती.

सुलभा गेल्यावर तिला अंगणात ठेवलं होतं तेव्हाही मैना अशीच भिंतीशी बसून होती. "पोर किती शहाणी," बायका म्हणाल्या होत्या, आणि त्यालाही तसंच वाटलं होतं. आता त्याच्या अंगाची आग झाली. सुलभा पोरीला तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात खुपसू द्यायची. म्हणायची, "अहो, तिचं बोलणं हातातच आहे."

"पट्टे काढा."

"अहो, सगळी प्रगती वाया जाईल!"

"पोरीची आई मेलीय, मॅडम. दीड महिना तुम्ही तिला रडू दिलं नाहीत. काढा, नाहीतर कात्रीनं कापतो."

पट्टे निघाले. मैनाचे हात थरथरले, मग फडफडले. ती खुर्चीवरून खाली घसरली, मांड्या बडवत डोलू लागली आणि तिनं हंबरडा फोडला.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" मॅडम पट्टे घेऊन पुढे आल्या.

दिगंबरनं ते हिसकावून भिरकावले. "तुमच्या घरी कुणी गेलं की घाला!" तो ओरडला, आणि लेकीशेजारी फरशीवर बसून तिच्याबरोबर डोलू लागला.